नोंद न ठेवणारा बिल्ला

लग्नकार्यात कुणी विचारलं, तू काय काम करतेस, तर मी सांगते, ‘खोटी ओळखपत्रं पकडते.’ समोरचे काका लगेच सावरून बसतात. मग खुलासा करावा लागतो की मी पोलिसात नाही. कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या गॅरेजात आमची कचेरी आहे, तिथे बसून मी मोबाइलचे प्रोग्रॅम लिहिते. आणि आजवर माझ्या प्रोग्रॅमने पकडलेली खोटी ओळखपत्रं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलं एक तर बिस्किटाचा पुडा होतं.

एका सोसायटीच्या गेटवर आमचं यंत्र नुकतंच बसवलं होतं. यंत्र म्हणजे वॉचमनच्या हातातला साधा फोन. तिथल्या एका निवृत्त गृहस्थांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि त्यावरचा चौकोनी कोड फोनसमोर धरला. फोन लाल झाला. त्यांनी लगेच मला फोन लावला.

‘‘तुमच्या यंत्राने बिस्किटाला आत सोडलं नाही. बरं आहे. आता माणसांचं काय करतं ते बघू.’’

त्यांना माझा नंबर कुणी दिला, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांचं ते वाक्य मात्र पुढे फार दिवस पुरलं.

आमचं काम काय, ते सांगते. घरकाम करणाऱ्या बायकांची एक संघटना आहे. ती आपल्या सभासद बायकांना बिल्ला देते. बिल्ल्यावर नाव, फोटो आणि एक चौकोनी कोड. कोडमध्ये तेच नाव, तोच फोटो बारीक करून, मुदत, आणि शेवटी संघटनेची सही. ही सही पेनाची नसते, गणिताची असते. संघटनेच्या कपाटात एक गुप्त किल्ली ठेवलेली आहे. बिल्ल्याचा मजकूर तिच्यातून गेला की एक लांबलचक आकडा निघतो. त्या किल्लीची एक जोडीदार किल्ली आहे, ती मात्र उघडी, गेटवरच्या प्रत्येक फोनमध्ये भरून दिलेली. तिने सही तपासता येते, करता येत नाही. शिक्का संघटनेकडे आहे आणि खरा शिक्का ओळखणारा चष्मा वॉचमनकडे, असं समजा. चष्मा घालून कुणाला शिक्के मारता येत नाहीत. बिल्ल्यावरच्या नावातलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी हिशेब जुळत नाही आणि फोन लाल होतो. जुळला तर हिरवा.

हे सगळं इंटरनेटशिवाय होतं. गेटवर रेंज नसो, तळघरातल्या पार्किंगमध्ये वॉचमनचं टेबल असो, फोनला कुणालाही काही विचारावं लागत नाही. उत्तर बिल्ल्यातच असतं. बिल्ला पदराला पुसला जातो, घामाने भिजतो, त्यावर हळदीचं बोट उमटतं. तरी वाचता येतो, कारण कोडचा थोडा भाग गेला तरी उरलेल्यावरून भरून काढायची सोय त्यात असते. हळदीने पिवळाधमक झालेला बिल्ला हिरवा दिवा लावतो तेव्हा मला अजूनही आनंद होतो. या कामात आनंदाच्या जागा फार नाहीत, म्हणून सांगितलं.

आता मी या कामात कशी आले, तेवढं सांगते. माझे वडील ऑफसेट प्रेसमध्ये कामाला होते. मोर्च्यांची, सभांची, संपांची पत्रकं तिथे छापली जात. बिघडलेले ताव ते घरी आणत आणि कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवत असे. कागद उलटला की मागे कुणीतरी कुणाचा तरी जाहीर निषेध करत असायचं. वाचायला मी अशी शिकले. त्यामुळे वाक्य छोटं आणि उद्गारचिन्ह मोठं, ही सवय मला लहानपणीच लागली. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकले तेव्हाही डोक्यात तेच होतं. हे कुणाच्या बाजूने वापरायचं?

बाजू सापडायला वेळ लागला नाही. सोसायट्यांच्या गेटवर तेव्हा एका कंपनीचं ॲप आलं होतं. कामवाली गेटमधून आत शिरली की घरमालकिणीच्या फोनवर घंटी वाजायची. ती कुठल्या घरी किती वेळ थांबते, किती दांड्या मारते, सगळं साठवलं जायचं. वर तिला तारे द्यायची सोय. हॉटेलातल्या पावभाजीला देतात तसे. एका घराने एक तारा दिला की तो चार इमारतींना दिसायचा, आणि का दिला ते विचारायला तिला मात्र जागा नव्हती.

सुमनताई मला याच सुमारास भेटल्या. पन्नाशीच्या आसपास, उंच, करडा आवाज, चालणं असं की आपण पळत राहायचं. टेकडीच्या बाजूच्या एका सोसायटीत सकाळची घरं आणि डेपोजवळच्या दुसऱ्या सोसायटीत दुपारची. संघटनेच्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई विचारती, गेटात शिरलीस ते मला दिसलं, मग दारात यायला एवढा येळ का? अहो, कामवाल्यांची लिफ्ट येगळी. ती वरनं येतीय कवा, मी चढतीय कवा. माझं पाय बी त्यांना मोबाइलात बघायचंत का?’’

बायका हसल्या, आणि मग हसणं थांबलं. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. ‘ओळख विचारा, पाळत ठेवू नका!’ उद्गारचिन्ह वडिलांनी मोठ्या टायपात छापून दिलं.

आमचा बिल्ला त्यातून निघाला. बाई संघटनेची आहे की नाही, एवढंच तो सांगणार. कुठे आली, कधी आली, किती वेळ होती, हे कुणालाच सांगणार नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसणार. या ‘ठाऊकच नसणार’वर माझं आणि माझा सहकारी नचिकेत याचं भांडण झालं होतं. नचिकेत शांत माणूस. सदाशिव पेठेतला आहे, पण टोमणे मारत नाही, यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

तो म्हणाला, ‘‘गेटवरच्या फोनमध्ये थोड्या दिवसांची नोंद राहू दे. बाहेर पाठवायची नाही. आपोआप पुसली जाईल.’’

‘‘आज फोनमध्ये, उद्या सेक्रेटरीच्या टेबलावर,’’ मी म्हणाले.

‘‘कधी लागली तर?’’

‘‘कुणाला लागली तर? त्यांनाच ना?’’

मी जिंकले. मला वाद घालता येतो. संघटनेच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की जे साठवलंच नाही ते चोरता येत नाही, विकता येत नाही आणि तुमच्याविरुद्ध वापरताही येत नाही. टाळ्या पडल्या. सुमनताईंनी तर माझ्या पाठीवर थाप मारली. हिरवा दिवा लागायचा, विझायचा, आणि फोन सगळं विसरून जायचा. प्रोग्रॅममधला तो विसरण्याचा भाग मी स्वतः लिहिला होता. माझ्या हातून झालेल्या कामातलं ते सर्वांत नेटकं काम आहे, असं मी आजही म्हणेन.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. टेकडीच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरातून सोन्याच्या पाटल्या गेल्या. घरातल्या बाईंचं म्हणणं असं, की जेवण झाल्यावर पाटल्या ड्रेसिंग टेबलवर होत्या आणि चहाच्या वेळी नव्हत्या. मधे त्यांचा डोळा लागला होता. दार नुसतं ओढलेलं होतं. सुमनताई त्या घरी सकाळी भांडी करत. पण पाहुणे आले की कधीकधी दुपारीही येत. म्हणजे त्याच आल्या असणार. पोलिसात कुणी गेलं नाही. ‘आम्हाला कुणाचं वाटोळं करायचं नाही,’ असं सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते. फक्त सुमनताईंना गेट बंद झालं.

सेक्रेटरींचा मला फोन आला. निवृत्त इंजिनिअर. बोलणं अगदी आदबशीर.

‘‘आपण ते बिल्ल्याचं बघता ना? आमच्या वॉचमनला नीट आठवत नाही. त्या दिवशी दुपारी ही बाई आमच्या गेटमधून आत आली का, एवढं फक्त कळवा.’’

‘‘नोंद नसते, काका. आम्ही ठेवतच नाही.’’ हे मी थोड्या अभिमानाने म्हणाले. खोटं कशाला सांगू?

ते म्हणाले, ‘‘म्हणजे हिरवा दिवा लागतो आणि विझतो.’’

‘‘हो.’’

‘‘आमच्या घरी टॉर्च आहे. तीही तेवढंच करते.’’

मी फोन ठेवला आणि नचिकेतला ते ऐकवलं. हसत हसत ऐकवलं. तो हसला नाही. त्याने विचारलं, ‘‘सुमनताई त्या दुपारी होत्या कुठे?’’

ते मला त्यांनीच येऊन सांगितलं. दुपारची वेळ होती. गॅरेजच्या शटरपाशी चपला काढून त्या आत आल्या. चपला काढू नका असं आम्ही नेहमी सांगायचो, आणि त्या नेहमी काढायच्या. पाण्याचा ग्लास हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

‘‘ताई, मी त्या दुपारी डेपोजवळच्या सोसायटीत व्हते. तिथलं कुटुंब गावाला गेलंय. चावी माझ्याकडं दिलीय, झाडांना पाणी घालाय आन् घर पुसाय. त्या दुपारी तेवढंच एक घर व्हतं, आन् घरात कुणी नव्हतं. पण गेटवर मी बिल्ला दाखवला की. तिथल्या वॉचमननं, मेश्रामभाऊंनी फोन धरला, हिरवं झालं. मी बघितलंय. तुमच्या त्या मशीनला तेवढं विचारा.’’

मी नचिकेतकडे पाहिलं. तो कीबोर्डकडे पाहत होता.

‘‘सुमनताई, ते मशीन काही लक्षात ठेवत नाही. आपण सभेत ठरवलं होतं ना?’’

‘‘ते त्यांच्यासाठी ठरवलं व्हतं. आता मी विचारतीय. माझाच बिल्ला हाय.’’

‘‘कुणीही विचारलं तरी नाही. त्यात काही नसतंच.’’

‘‘पण हिरवं झालं, ते खरं ना?’’

‘‘खरं.’’

‘‘मग ते गेलं कुठं?’’

मी त्यांना समजावून सांगायला लागले. सही कशी तपासली जाते, उत्तर फोनच्या तात्पुरत्या जागेत कसं येतं, पडदा बंद झाला की ती जागा कशी कोरी होते. हे मी अनेक सभांमध्ये सांगितलं आहे, मला चांगलं जमतं. त्या ऐकत होत्या. मधेच त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘म्हंजी मी तिथं व्हते, आन् नव्हते बी.’’

नचिकेतने चहा सांगितला. ‘मी म्हटलं होतं’ असं तो म्हणाला नाही. पुढेही कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

डेपोजवळच्या सोसायटीत कॅमेरे होते, पण गेटवरचा बंद होता. दुरुस्तीला कुणी पाठवायचं यावर तिथल्या कमिटीत एकमत नव्हतं. राहिले मेश्रामभाऊ. यवतमाळकडचे, पुण्यात येऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नर्सिंगला. मी त्यांना विचारलं, टेकडीच्या सोसायटीत येऊन सांगाल का? ड्यूटी सोडून यावं लागणार होतं आणि त्यांची एजन्सी अशा गोष्टींवर कामावरून काढते. ते म्हणाले, ‘‘येतो ना मॅडम. खरं सांगाले कायचं भेव?’’

क्लबहाउसमध्ये बैठक झाली. टेबल टेनिसच्या टेबलामागे कमिटी बसली होती. सुमनताई, मेश्रामभाऊ आणि मी समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मेश्रामभाऊंनी गणवेशाला इस्त्री केली होती.

‘‘ही बाई त्या दुपारी तुमच्या गेटवर आली होती?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘‘आली होती जी. मी डबा धूत होतो. हात पुसून फोन धरला.’’

‘‘रोज किती बायकांना सोडता आपण?’’

‘‘लय.’’

‘‘मग हीच कशी लक्षात राहिली?’’

‘‘ह्या रोज विचारतेत, भाऊ जेवलात का. बाकी कोणी नाही विचारत.’’

कमिटीतल्या एक बाई खाली बघायला लागल्या. मला वाटलं, जमलं.

‘‘वार कोणता होता?’’ सेक्रेटरी म्हणाले.

मेश्रामभाऊंनी सुमनताईंकडे पाहिलं. ‘‘मंगळवार. नाही... बुधवार असन. ह्या रोजच येतेत ना साहेब.’’

‘‘म्हणजे रोज विचारतात, रोज येतात, आणि आपण रोज डबा धुता.’’ सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. ‘‘आपल्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण यात त्या दिवसाचं काय आहे? बसा आपण.’’

तेव्हा मी उठले. संशयावर माणसाला शिक्षा देणारी ही कोणती न्यायव्यवस्था, असं विचारलं. आवाज चढला. चोरी सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते, ही बाई निर्दोष असल्याचा पुरावा का देईल, असंही विचारलं. मी बरोबर होते. वाक्यागणिक बरोबर होते. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आपण म्हणता ते कोर्टात योग्य आहे. हे आमचं घर आहे. घरात कुणाला घ्यायचं हे आम्ही ठरवतो. आणि पुरावा आपल्याकडेच असता, तर आम्ही आनंदाने मान्य केला असता.’’

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. ते मनापासून म्हणत होते, हे माझ्या लक्षात आलं, आणि त्यामुळे फार वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर मी सुमनताईंना म्हटलं, ‘‘आपण सोडायचं नाही. मी आजच पत्रक लिहिते. दोन्ही सोसायट्यांच्या गेटवर वाटू.’’

त्यांनी माझा हात धरला. ‘‘पत्रक नको ताई. त्यांनी माझा फोटू आधीच व्हॉट्सॅपवर फिरवलाय. आता तुमी माझं नाव आणखी छापू नका.’’

निषेध करायचा नाही तर करायचं काय, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मेश्रामभाऊ ड्यूटीला उशीर झाला म्हणून रिक्षा शोधत होते आणि मधूनमधून ‘बुधवारच होता, बुधवारच’ असं स्वतःशी म्हणत होते.

पुढच्या काही आठवड्यांत सुमनताईंची टेकडीची घरं गेली, मग डेपोजवळचीही गेली. चावी देणारं कुटुंब गावाहून परत आलं आणि त्यांनी चावी परत मागितली. फार गोड बोलून मागितली म्हणे. पाटल्यांचं काय झालं, मला माहीत नाही. सापडल्या असतील, नसतील. त्या घरात जाऊन विचारायला मला कुणी गेटमधून आत सोडणार नाही.

नचिकेतने आणि मी मग पोच तयार केली. बिल्ला तपासला की वॉचमनचा फोन एक छोटी पावती बनवतो, तिच्यावर वेळ आणि गेट घालून स्वतःची सही करतो, आणि ती त्या बाईच्या फोनवर उतरवून स्वतः विसरून जातो. हेही सगळं इंटरनेटशिवाय. नोंद राहते, पण जिची आहे तिच्याकडेच राहते. दाखवायची की नाही, ते ती ठरवणार. संघटनेच्या सभेत हे मांडलं तेव्हा बायकांनी बारीक बारीक प्रश्न विचारले. नवऱ्याने फोन बघितला तर? फोन हरवला तर? ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी काय करायचं? या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. पोच मंजूर झाली. आज बऱ्याच गेटवर ती चालते. ही गोष्ट आधी का सुचली नाही, असं लोक विचारतात. सुचायला हवी होती. मला तेव्हा दोनच बाजू दिसत होत्या, नोंद ठेवणारे आणि नोंदीविरुद्ध लढणारे. मधे उभी राहून स्वतःची नोंद स्वतःकडे मागणारी बाई मला दिसली नाही, कारण तिने मागेपर्यंत मी तिला विचारलं नव्हतं.

नोंद साठवणाऱ्या कंपन्यांबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही, हेही सांगते. तारे देणारं ते ॲप आजही चालू आहे आणि आजही घाणेरडं आहे. त्याविरुद्ध उद्या पत्रक काढायचं झालं तर मीच काढेन.

सुमनताई वाघोलीला मुलाकडे राहायला गेल्या. तिथल्या एका कॉलेजच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करायचं काम त्यांना मिळालं. पोच सुरू झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. आधी फोन केला होता, त्यामुळे त्या गेटवर येऊन थांबल्या होत्या. डोक्याला जाळीची टोपी, कोपरापर्यंत पीठ. मला बघून हसल्या.

गेटच्या आत, भिंतीवर एक यंत्र होतं. कामावर येणाऱ्याने त्यासमोर उभं राहायचं, ते चेहरा ओळखतं आणि वेळ टिपतं. वर कॅमेरे. मेसच्या दारात आणखी एक यंत्र. मी फोन काढून त्यांना पोच दाखवली. त्यांनी हात पुसून फोन नीट लांब धरून पाहिला.

‘‘चांगलं केलंत. पोरींना उपेग होईल.’’

‘‘तुम्हाला इथे कसं वाटतं? एवढे कॅमेरे?’’

‘‘बरं वाटतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी आले, गेले, मधी कुठं व्हते, समदं दिसतंय. कुणी काय म्हणलं तर दावता येतंय.’’ मग माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, ‘‘लिफ्ट बी न्हाई हितं. खालीच हाय मेस.’’

मला बोलायचं होतं. हे सगळं कुणाच्या ताब्यात आहे, ते दाखवायचं की नाही हे तुम्ही नाही, ते ठरवणार, असं सगळं तोंडावर आलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘चला आत. गरम पोळी खाऊन जा. मी सांगून ठेवलंय आमच्या मॅनेजरला, आमच्या ताई येणार म्हणून.’’

सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे रजिस्टर नव्हे, टॅबलेट सरकवला. नाव, मोबाइल नंबर, आधार, आणि फोटो. अशा ठिकाणी मी नेहमी वाद घालते. नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हणते, फोटो किती दिवस ठेवणार ते विचारते, उत्तर नसलं की परत फिरते. ओळखीच्या दोन-तीन लग्नांना मी अशी बाहेरूनच परत आले आहे.

‘‘मॅडम, फोटो कंपल्सरी आहे,’’ तो म्हणाला.

सुमनताई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. मेसच्या दारातून दोन-तीन बायका डोकावून बघत होत्या, आणि त्यांना सुमनताई हाताने ‘ह्याच, ह्याच’ असं खुणावत होत्या.

‘‘द्या की ताई,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘त्यात काय एवढं?’’

‘‘थोडं वर बघा,’’ सिक्युरिटीवाला म्हणाला.

मी वर बघितलं.